नवे कर्ज, जुने कर्ज आणि मधले कुलूप

एक कर्ज फेडण्यासाठी दुसरे कर्ज काढणे याला आपल्या व्यवहारात प्रतिष्ठा नाही. याची टोपी त्याच्या डोक्यावर, असे म्हणून आपण तो विषय निकालात काढतो. घरगुती व्यवहारापुरते हे मत बहुधा बरोबरच ठरते. परंतु नगरपालिका, पाणीपुरवठा मंडळे, शाळा मंडळे यांसारख्या संस्थांची कर्जे दहा, वीस, तीस वर्षांची असतात आणि एवढ्या काळात बाजारातील व्याजाचा दर एका जागी राहत नाही. नऊ टक्क्यांनी घेतलेले कर्ज अजून दहा वर्षे फेडायचे आहे आणि आज तेवढीच रक्कम सात टक्क्यांनी मिळते आहे, अशा वेळी जुने कर्ज तसेच चालू ठेवणे ही करदात्याच्या पैशाची नासाडीच होय. तेव्हा जुने रोखे फेडण्यासाठी नवे रोखे विकणे हा प्रकार मुळात निषिद्ध मानण्याचे कारण नाही. खरा प्रश्न वेगळाच आहे. नव्या रोख्यांतून आलेला पैसा जुन्या रोखेधारकाच्या हाती पडेपर्यंत कोणाच्या ताब्यात राहतो, तो पुरेसा आहे हे कोण सांगतो आणि वाटेत तो अन्यत्र वळणार नाही याची हमी काय? अमेरिकेत या प्रश्नांभोवती गेल्या पन्नासहून अधिक वर्षांत कायदे, करविषयक नियम आणि हिशेबाचे दंडक यांचे एक मोठे शास्त्रच उभे राहिले आहे. आपल्या महापालिका रोखेबाजारात उतरू लागल्या असताना त्या शास्त्रातील गाभा समजून घेणे अगत्याचे आहे.

मुळात ही अडचण उद्भवते ती करारातील एका कलमामुळे. दीर्घ मुदतीचा रोखा विकत घेणाऱ्याला आपले व्याज काही वर्षे तरी निर्वेध मिळावे अशी अपेक्षा असते. म्हणून अमेरिकन नगरपालिकांच्या रोख्यांत सामान्यतः पहिली दहा वर्षे रोखा परत बोलावला जाणार नाही, असे अभिवचन असते. समजा, सातव्याच वर्षी व्याजाचे दर उतरले. नवे रोखे काढावेत तर आजचा काळ अनुकूल, पण जुने फेडावेत तर आणखी तीन वर्षे थांबणे भाग. या पेचातून काढलेली वाट म्हणजे आगाऊ पुनर्वित्त. नवे रोखे आजच विकायचे आणि आलेली रक्कम नगरपालिकेच्या तिजोरीत न ठेवता एका तिसऱ्याच्या, म्हणजे विश्वस्त बँकेच्या ताब्यात द्यायची. त्या बँकेने ती सरकारी कर्जरोख्यांत गुंतवायची, मधल्या तीन वर्षांचे जुने व्याज त्यातूनच द्यायचे आणि मुदत येताच जुने मुद्दलही त्यातूनच फेडायचे. या बंदिस्त ठेवीला ‘एस्क्रो’ म्हणतात. जुने रोखे नव्वद दिवसांच्या आत फेडले जाणार असतील तर ते चालू पुनर्वित्त आणि त्याहून अधिक काळ लागणार असेल तर ते आगाऊ पुनर्वित्त, अशी अमेरिकन करकायद्याने आखलेली सीमा आहे.

या ठेवीत किती पैसा हवा, हा सगळ्या प्रकरणातील कळीचा मुद्दा आहे. शंभर कोटींचे कर्ज फेडायचे तर शंभर कोटी ठेवले की झाले, असे वरवर पाहता वाटेल. ते चूक आहे. समजा, जुने रोखे १०० कोटी रुपयांचे व ९ टक्के व्याजाचे आहेत, त्यांची मुदत दहा वर्षे उरली आहे, पण ते तीन वर्षांनी परत बोलावता येतात. म्हणजे ठेवीतून तीन वर्षे दरसाल ९ कोटी आणि तिसऱ्या वर्षाअखेर १०० कोटी बाहेर पडले पाहिजेत. ठेवीवर ६ टक्के व्याज मिळत असेल तर त्यासाठी आज सुमारे १०८ कोटी रुपये ठेवावे लागतात. व्याज ५ टक्केच मिळाले तर सुमारे १११ कोटी लागतात. म्हणजे नगरपालिकेला नवे कर्ज १०८ किंवा १११ कोटींचे काढावे लागणार. त्याचा व्याजदर ७ टक्के असला तरी मुद्दल वाढलेले आहे, ही गोष्ट विसरून चालत नाही. आता व्याजाची सगळी बचत आजच्या किमतीत मोजली तर पहिल्या प्रकारात ती साधारण ६ कोटी आणि दुसऱ्या प्रकारात जेमतेम ३ कोटी भरते. रोखेविक्रीचा, वकिलांचा व दलालांचा खर्च त्यातून अजून वजा व्हायचाच आहे. ठेवीवरील व्याजात केवळ एका टक्क्याचा फरक पडला आणि निम्मी बचत हवेत विरून गेली! नवे कर्ज ७ टक्क्यांचे आणि त्याच पैशावर ठेवीत मिळणारे व्याज ५ किंवा ६ टक्क्यांचे, या उण्या तफावतीचा उल्लेख पुनर्वित्ताची भलामण करणाऱ्या निवेदनांत फारसा ठळक अक्षरांत नसतो. तेथे ठळक असतात ते ९ आणि ७ हे दोन आकडे.

म्हणूनच ठेव पुरेशी असण्याची अट कायद्याने व कराराने काटेकोर केलेली असते. या अटीचा अर्थ असा की, ठेवीतील रोख रक्कम आणि सरकारी रोख्यांचे ठरलेले व्याज व मुद्दल एवढ्यावरच, पुन्हा गुंतवणुकीतून काही मिळेल अशी आशा न धरता, प्रत्येक देय तारखेचा पैसा त्या तारखेपूर्वी हाती आला पाहिजे. हा हिशेब नगरपालिकेचा लेखाधिकारी किंवा रोखे विकणारी पेढी यांच्या शब्दावर सोडला जात नाही. स्वतंत्र सनदी लेखापाल तो तारीखवार तपासून दाखला देतो. ठेव एकदा केली की नगरपालिकेला ती परत घेता येत नाही. धोक्याच्या गुंतवणुकीला तिच्यात वाव नसतो. या अटी पुऱ्या झाल्या तर जुने कर्ज नगरपालिकेच्या ताळेबंदातून उतरवता येते, असा दंडक अमेरिकेच्या शासकीय लेखामानक मंडळाने १९८७ साली घालून दिला. येथेही एक भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. काही करारांत ठेव पूर्ण होताच जुन्या रोख्यांची कायदेशीर बांधीलकीच संपते आणि रोखेधारकाने केवळ त्या ठेवीकडे पाहायचे असते. इतर प्रकारांत हिशेबापुरते कर्ज नाहीसे होते, पण ठेव अपुरी पडलीच तर नगरपालिका जबाबदार राहते. कागदावरून कर्ज पुसले गेले म्हणजे ते फिटले असे नव्हे, हे सांगण्यासाठी लेखामानक मंडळाची गरज भासावी, यातच या व्यवहारातील मोहाची कल्पना येते.

हा मोह नुसता तात्त्विक नव्हता. अमेरिकेत नगरपालिकांच्या रोख्यांवरील व्याज केंद्रीय प्राप्तिकरातून मुक्त असते, त्यामुळे नगरपालिकांना कर्ज स्वस्तात मिळते. ते स्वस्त पैसे घेऊन अधिक व्याजाच्या केंद्र सरकारच्या रोख्यांत गुंतवले तर बसल्या जागी नफा होतो. नगरपालिकांनी बँकेचा धंदा करावा यासाठी करमाफी दिलेली नाही, हे काँग्रेसच्या ध्यानात आले आणि १९६९ च्या करसुधारणा कायद्याने अशा नफेखोरीला लगाम घालण्यात आला. एस्क्रोतील गुंतवणुकीचा परतावा नव्या रोख्यांच्या व्याजदरापेक्षा वर जाऊ नये, अशी मर्यादा आली. १९७२ पासून केंद्रीय अर्थखात्याने राज्य व स्थानिक शासनांसाठी खास रोख्यांची मालिका सुरू केली. शिंप्याने अंगाच्या मापाने कपडा बेतावा तशी या रोख्यांची तारीख, रक्कम व व्याज नगरपालिकेच्या गरजेनुसार बेतून मिळते आणि मधल्या दलालाला त्यात जागा उरत नाही.

पण दलाल हा प्राणी सहजासहजी जागा सोडणारा नव्हे. नगरपालिकांनी हे खास रोखेच घ्यावेत अशी सक्ती नव्हती. बाजारातील सरकारी रोखेही एस्क्रोत ठेवता येत. परताव्यावर मर्यादा असल्याने मर्यादेपलीकडचा फायदा केंद्र सरकारच्या वाट्याला जायचा होता. काही पेढ्यांनी युक्ती अशी केली की, तेच सरकारी रोखे एस्क्रोला बाजारभावापेक्षा चढ्या किमतीला विकायचे. किंमत चढली की परतावा कागदोपत्री मर्यादेच्या आत येतो आणि फरक पेढीच्या खिशात जातो. परतावा ‘जाळून टाकण्याचा’ हा प्रकार १९९० च्या दशकात उघडकीस आला तो मायकेल लिसाक या त्याच व्यवसायातील अधिकाऱ्याने वाचा फोडल्यामुळे. पुढे २००० सालच्या एप्रिलमध्ये सतरा पेढ्यांनी दहा कोटी डॉलरांहून अधिक रक्कम भरून हे प्रकरण मिटवले. या प्रकारात ठेव अपुरी नव्हती, दाखले होते, विश्वस्त बँक होती. सगळे नियमाला धरून दिसत होते. फक्त ठेवीत ठेवलेला माल कोणत्या भावाने घेतला हे कोणी विचारले नव्हते. एस्क्रो पुरेसा आहे की नाही याबरोबरच तो भरण्यासाठी किती मोजले, हा प्रश्नही विचारावा लागतो, हा या प्रकरणाचा धडा होता.

ठेव केवळ सरकारी रोख्यांतच असावी ही अट जाचक आहे, असा आक्षेप घेतला जातो. लहान गावांच्या दृष्टीने त्यात तथ्य नाही असे नाही. सरकारी रोख्यांवर व्याज कमी, म्हणून ठेव मोठी, म्हणून नवे कर्ज मोठे, अशी ही साखळी आहे. थोडे अधिक व्याज देणाऱ्या गुंतवणुकीला मुभा द्यावी, असे वित्ताधिकाऱ्यांना वाटणे स्वाभाविक होय. परंतु कॅलिफोर्नियातील ऑरेंज कौंटीचे उदाहरण अशा वेळी डोळ्यांपुढे ठेवावे. तेथील प्रकरण पुनर्वित्ताचे नव्हते. तेथे कौंटीच्या खजिनदाराने अनेक स्थानिक संस्थांचा एकत्र ठेवलेला पैसा अधिक परताव्याच्या आशेने कर्जाच्या जोरावर गुंतवला. व्याजदर वर गेले, दीडशे कोटी डॉलरांहून अधिक बुडाले आणि डिसेंबर १९९४ मध्ये त्या श्रीमंत कौंटीने दिवाळे जाहीर केले. ज्या पैशाचे एकमेव काम ठरल्या तारखेला ठरलेली रक्कम देणे हे आहे, त्याच्याकडून आणखी काही कमाईची अपेक्षा धरली की त्याचे मूळ कामच धोक्यात येते.

मात्र एस्क्रोचे कुलूप कितीही भक्कम असले तरी ते रक्षण करते जुन्या रोखेधारकाचे, गावच्या करदात्याचे नव्हे. ही मर्यादा पुरेशी लक्षात घेतली जात नाही. अलाबामा राज्यातील जेफर्सन कौंटीने, म्हणजे बर्मिंगहॅम शहर ज्या कौंटीत आहे तिने, सांडपाणी व्यवस्थेसाठी काढलेल्या निश्चित व्याजाच्या कर्जाचे २००२-०३ मध्ये पुनर्वित्त केले. सुमारे तीनशे कोटी डॉलरांचे नवे कर्ज बहुतांशी बदलत्या व्याजाचे होते, आणि ते निश्चित करण्यासाठी म्हणून व्याजदरांच्या अदलाबदलीचे गुंतागुंतीचे करार केले गेले. कागदावर बचत डोळ्यांत भरण्याजोगी होती. २००८ च्या आर्थिक संकटात हा सारा डोलारा कोसळला, व्याज भडकले आणि नोव्हेंबर २०११ मध्ये कौंटीने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्या वेळी तो अमेरिकेतील स्थानिक शासनाचा सर्वात मोठा होता. डेट्रॉइटने २०१३ मध्ये तो विक्रम मोडला. जेफर्सन कौंटीच्या आयोगाचे माजी अध्यक्ष लॅरी लँगफर्ड २००९ मध्ये लाचखोरीबद्दल दोषी ठरले. त्याच वर्षी जे. पी. मॉर्गन या पेढीने साडेसात कोटी डॉलर भरण्याचे आणि करार मोडण्यापोटीच्या सुमारे पासष्ट कोटी डॉलरांवर पाणी सोडण्याचे मान्य केले. जुन्या रोखेधारकांचे काही बिघडले नाही. भुर्दंड पडला तो सांडपाण्याची वाढती बिले भरणाऱ्या सामान्य कुटुंबांवर.

याचा अर्थ असा की, ठेवीच्या अटीला आणखी दोन अटींची जोड हवी. नव्या कर्जाची एकूण देणी आजच्या किमतीत जुन्या देण्यांपेक्षा खरोखरच कमी असली पाहिजेत, आणि ती पुढच्या पिढीवर ढकललेली नसली पाहिजेत. न्यूयॉर्क राज्याने या बाबतीत घातलेला दंडक विचार करण्याजोगा आहे. तेथील घटनेप्रमाणे ज्या कामासाठी कर्ज काढले त्याचे उपयुक्त आयुष्य जेवढे, त्याहून अधिक काळ कर्ज लांबवता येत नाही. नळ गंजून गेले तरी त्यांचे कर्ज नातवांनी फेडत राहावे, ही आपत्ती त्यामुळे टळते. अमेरिकेतील शासकीय वित्ताधिकाऱ्यांच्या संघटनेनेही आजच्या किमतीतील बचत फेडल्या जाणाऱ्या मुद्दलाच्या किमान तीन ते पाच टक्के असावी, असा संकेत घालून दिला आहे. व्याजाचा भार पहिल्या दोन वर्षांत हलका करून अंदाजपत्रकातील खड्डा बुजवायचा आणि मुद्दलाचा डोंगर पुढे सरकवायचा, हा पुनर्वित्ताचा सर्वात जुना गैरवापर आहे. निवडणुका जवळ आल्या की तो सभागृहांना फार आवडतो.

अमेरिकेतील काँग्रेसने या प्रश्नाकडे पाहिले ते मात्र केंद्रीय तिजोरीच्या चष्म्यातून. १९८२ च्या जानेवारीत नगरपालिकांच्या दीर्घ मुदतीच्या रोख्यांचा व्याजदर तेरा टक्क्यांच्या वर गेला होता. तो पुढे उतरताच पुनर्वित्ताची लाट आली. आगाऊ पुनर्वित्तात काही वर्षे जुने आणि नवे असे दोन्ही रोखे बाजारात असतात, म्हणजे एकाच पुलासाठी दोनदा करमाफी द्यावी लागते. म्हणून १९८६ च्या कायद्याने त्यानंतरच्या रोख्यांचे असे पुनर्वित्त एकदाच करता येईल असे ठरवले, आणि डिसेंबर २०१७ च्या करकायद्याने करमुक्त आगाऊ पुनर्वित्त पुरते बंद केले. महसूल वाचवण्याचा हेतू समजण्याजोगा आहे. परंतु परिणाम काय झाला? व्याजदर तळाला गेले तेव्हा, २०१९ ते २०२१ या काळात, नगरपालिकांनी करपात्र रोखे काढून तेच काम केले. कोणी भविष्यात हाती द्यावयाच्या रोख्यांचा सौदा आज करू लागले, कोणी जुने रोखे बाजारातूनच परत विकत घेऊ लागले. सर्वात अधिक शिस्तीचा, सर्वात अधिक तपासलेला मार्ग बंद करून काँग्रेसने कमी परिचित वाटांना उत्तेजन दिले, असेच म्हणावे लागते. केंद्रीय कर्जमर्यादेचा पेच निर्माण झाला की अर्थखाते त्या खास रोख्यांची विक्रीच थांबवते. जुलै २०२१ अखेर व मे २०२३ मध्ये तसे घडले. वॉशिंग्टनमधील भांडणाचा चटका दूरच्या गावाला बसतो तो असा.

आपल्याकडे ‘एस्क्रो’ हा शब्द महापालिकांच्या कारभारात आला तो वेगळ्या अर्थाने. अहमदाबाद महापालिकेने १९९८ च्या जानेवारीत राज्य सरकारच्या हमीवाचून १०० कोटी रुपयांचे रोखे काढले, तेव्हा जकातीचे उत्पन्न स्वतंत्र खात्यात बांधून दिले होते. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये चोवीस तास पाणीपुरवठ्याच्या योजनेसाठी २०० कोटींचे दहा वर्षे मुदतीचे रोखे ७.५९ टक्क्यांनी विकले. तेथे मालमत्ता कराचा ओघ असाच खात्यात वळवण्यात आला. ही व्यवस्था चांगली आहे, पण तिच्यात व अमेरिकन पुनर्वित्ताच्या ठेवीत मूलभूत अंतर आहे. आपल्या एस्क्रोत येणार असलेला पैसा असतो. तेथील एस्क्रोत आलेला पैसा असतो. येणारा पैसा राज्य सरकारच्या एका निर्णयाने आटू शकतो. अहमदाबादचे ते सात वर्षांचे रोखे २००५ मध्ये फिटले आणि २००७ मध्ये गुजरातने जकातच रद्द केली. महाराष्ट्रात जकातीची जागा आधी स्थानिक संस्था कराने घेतली, १ ऑगस्ट २०१५ पासून बहुसंख्य व्यापाऱ्यांपुरता तोही गेला, आणि १ जुलै २०१७ रोजी मुंबईची जकात वस्तू व सेवा कराच्या पोटात गडप झाली. त्या काळात जकातीवर दीर्घ मुदतीचे रोखे तारण असते तर रोखेधारकांना राज्य सरकारच्या भरपाईच्या धनादेशाची वाट पाहत बसावे लागले असते.

गेल्या काही वर्षांत हैदराबाद, लखनौ, गाझियाबाद येथील महापालिकांनी आठ टक्क्यांहून अधिक व्याजाने रोखे काढले आहेत. ज्या करारांत मुदतपूर्व परतफेडीची सोय असेल, तेथे व्याज उतरताच कोणी तरी हुशार सल्लागार आयुक्तांकडे पुनर्वित्ताचा प्रस्ताव घेऊन येणार, हे सांगायला ज्योतिषी नको. त्या वेळी येणाऱ्या कराचा ओघ दाखवून ‘एस्क्रो आहेच’ असे स्थायी समितीला सांगितले जाण्याचा धोका मोठा आहे. जुने कर्ज फेडण्यासाठी काढलेल्या नव्या कर्जाचा पैसा पहिल्या दिवशीच पूर्णपणे बाहेरच्या विश्वस्ताकडे गेला पाहिजे, केंद्र सरकारच्या रोख्यांतच राहिला पाहिजे, आणि तो रस्त्यांच्या खड्ड्यांसाठी किंवा कर्मचाऱ्यांच्या थकबाकीसाठी ‘तात्पुरता’ वापरण्याचा अधिकार कोणालाही असता कामा नये. ही कल्पना आपल्या कायद्याला परकी नाही. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यातच कर्जफेडीसाठी ‘सिंकिंग फंड’ ठेवण्याची व तो सरकारी रोख्यांत गुंतवण्याची तरतूद आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी जे तत्त्व मान्य झाले, तेच आता नव्या प्रकारच्या कर्जाला लावायचे आहे.

असा प्रस्ताव जेव्हा येईल तेव्हा त्यासोबत स्वतंत्र सनदी लेखापालाने तपासलेला तारीखवार तक्ता, ठेवीतील रोखे कोणत्या भावाने घेतले याचा त्या दिवशीच्या बाजारभावाशी ताळा, आणि सर्व खर्च वजा जाता आजच्या किमतीत उरणारी बचत, एवढे तीन कागद सभागृहापुढे मराठीत ठेवले जावेत. सल्लागाराचे शुल्क विकल्या गेलेल्या रोख्यांच्या रकमेवर न ठरवता वाचलेल्या रकमेवर ठरवले, तर असे किती प्रस्ताव येतात तेही पाहावे.